‘लॉस्ट इंटरप्ट’ येतोय? ड्रायव्हरमधला क्रम तपासा

गोव्यात वेर्णा-कुंडईच्या कारखान्यात जुन्या आयडीई (पट्टीसारख्या केबलच्या) डिस्कवर चालणारं यंत्र असेल आणि लिनक्सच्या लॉगमध्ये मधूनच ‘लॉस्ट इंटरप्ट’ (काम झाल्याचा डिस्कचा इशारा, म्हणजे इंटरप्ट, हरवला) दिसत असेल, तर आधी स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींतला) १९९ क्रमांकाचा, म्हणजे केबलवरून जाताना झालेल्या चुकांचा, आकडा बघा. तो वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिना गंजतात. आकडा हलत नसेल तरच ड्रायव्हर (डिस्क हाताळणारा कोड) उघडा.

नेहमीची चूक अशी: कमांड रजिस्टरमध्ये (डिस्कला हुकूम देण्याच्या जागी) आधी लिहिलं जातं, ‘काम चालू’ ही खूण नंतर. डिस्क त्या फटीतच इंटरप्ट देते. हँडलरला (इंटरप्ट आला की धावणाऱ्या कोडला) चालू काम सापडत नाही, तो डिस्कची स्थिती सांगणारं स्टेटस रजिस्टर वाचतो, आणि वाचताक्षणी इंटरप्ट मिटतो. मग उरतो फक्त टाइमआउट, म्हणजे वाट बघून वेळ संपणं.

म्हणून आधी स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप (आयआरक्यूसेव्ह प्रकारचा, जो त्या कोअरवरचे इंटरप्टही थांबवतो), मग खूण, मग कमांड, शेवटी अनलॉक. हँडलरनेही तोच लॉक घ्यायचा. नुसते इंटरप्ट बंद करून प्रोसेसरच्या एका कोअरवर भागतं, दोनवर नाही. पोलिंग (पुन्हा पुन्हा स्थिती विचारणं) करायचंच तर ऑल्टरनेट स्टेटस हे दुसरं रजिस्टर वाचा, त्याने इंटरप्ट मिटत नाही. कमांडनंतर ४०० नॅनोसेकंद जाईपर्यंत बिझी बिटवर (डिस्क कामात असल्याच्या खुणेवर) विसंबू नका.

टाइमआउटचा कोडही त्याच लॉकखाली हवा. खूण ज्याने आधी पुसली, त्यानेच रिक्वेस्ट (डिस्ककडे मागितलेलं काम) संपवायची. तीच रिक्वेस्ट दोनदा संपली तर कर्नल (लिनक्सचा गाभा) कोसळू शकतो.