किनारी रस्त्यावरच्या खाणावळीचा बोर्ड

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. बोर्ड वाचून, ठरवून वेग कमी करायला ५ सेकंद हवेत, म्हणजे अक्षरं साधारण ८५ मीटरवरून दिसली पाहिजेत. त्यासाठी ती निदान १० इंच उंच ठेवा. मजकूर तीनच गोष्टींचा: नाव, एक खासियत (‘सुरमई थाळी’ पुरे) आणि बाण. पदार्थांची यादी आणि फोन नंबर दारातल्या फळ्यावर. रस्त्यावरच्या बोर्डवर ते नावाची जागा खातात.

हिरवा रंग नकोच. पावसाळ्यात झाडी माजली की बोर्ड तिच्यात हरवतो. पिवळ्यावर काळी अक्षरं उत्तम.

खरा घात खारा वारा करतो. साधं लोखंड तर गंजतंच, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइपही वेल्डिंगच्या जोडावर गंजतो, कारण तिथलं जस्त जळून गेलेलं असतं. जोड घासून झिंक प्रायमरचे दोन हात द्या, मगच रंग. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. फ्लेक्स शिडासारखा वारा धरतो आणि आयलेटपाशी (दोरी ओवायच्या कडीपाशी) फाटतो. त्यापेक्षा ३ मिमी एसीपी शीटवर (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर) छापील व्हिनाइल स्टिकर चिकटवून घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. बोर्ड खाणावळीकडे वळायच्या जागेच्या १०० मीटर अलीकडे, खासगी जागेत, मालकाची लेखी संमती घेऊन उभारा.