सायकलच्या फ्रेममध्ये पाणी शिरतं कुठून? माझा अनुभव

सोलापुरात पाऊस तो किती! तरी सप्टेंबरच्या सरींनंतर सायकल उचलली की आत डुचमळायचं. सीटचा दांडा काढून उलटी धरली, तर गंजाळलेलं पाणी आलं. नळी पुसून आत जुन्या पेपरची सुरळी सरकवली, दांडा परत बसवला आणि एकेका जागी मगने पाणी ओतलं. बाटली-स्टँडचे स्क्रू निर्दोष निघाले. पेपर भिजला तो सीट-क्लॅम्पखालच्या, म्हणजे सीटचा दांडा आवळणाऱ्या कड्याखालच्या, नळीतल्या फटीवर ओतल्यावर. फटीचं तोंड मागे. मडगार्ड नसलं की मागचं चाक नेमकं तिथंच पाणी उडवतं. ते उतरून पेडलच्या एक्सलपाशी साचतं आणि बेअरिंग खातं. दांड्याला ग्रीस, फटीवर जुन्या ट्यूबचा तुकडा, मागे मडगार्ड. एक्सलखालचं चिखलाने बुजलेलं भोक तारेने मोकळं केलं. सगळं सीलंटने बंद करायचा सल्ला मात्र मानला नाही; दमट हवेचंही आत पाणी होतं, त्याला वाट हवीच.