घराभोवतीचं आगर उभारताना: पहिल्या तीन वर्षांची तयारी

गावचं घर दुरुस्त झालं की पहिल्याच पावसात टेम्पोभर कलमं आणून उतरवायची, असं आमच्या रत्नागिरीकडे दरवर्षी बघायला मिळतं. जुलैत सगळं हिरवंगार असतं. पुढचा मे उजाडतो तेव्हा आळ्यांत नुसत्या काटक्या उभ्या असतात, आणि ते बघून खरोखर वाईट वाटतं. म्हणून आगराची, म्हणजे घराभोवतीच्या बागेची, माझी यादी रोपांपासून नाही, विहिरीपासून सुरू होते.

एप्रिलच्या शेवटी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा. दोरी जिथपर्यंत भिजली तिथे गाठ मारा. मग पंप लावून पाणी तळाला न्या आणि तीच पातळी परत यायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यावरून विहीर दिवसाला किती पाणी देते ते काढा. त्यातून घराचं आणि गुरांचं पाणी वजा केलं की उरेल तेवढ्यावर झाडांची संख्या ठरवायची. नव्या माडाला उन्हाळ्यात रोज निदान एक बादली धरा. जुलैत पंचवीस झाडं लावायचा हुरूप येतो, पण मे महिन्यातली विहीर आठच झाडांना पुरत असेल तर त्या वर्षी आठच लावायची.

त्याच सुमारास हद्द पक्की करून घ्या. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालण्याआधी मोजणी, आणि शेजाऱ्यांना समोर उभं करून दगड रोवणं. यात घाई नको.

पहिल्या पावसाळ्यात फळझाडाला हात लावू नका. हे ऐकायला जड जातं, मला माहीत आहे. पण आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या कौलांवरून चार महिन्यांत जवळजवळ ३ लाख लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येतं. ते कुठून वाहतं, हे कोरड्या जमिनीवर उभं राहून कळत नाही. मोठी सर लागली की इरलं नाहीतर छत्री घ्या, हातात पंधरा-वीस खुंट्या घ्या आणि बाहेर पडा. लाल माती धुऊन गढूळ लोट निघतो तिथे एक खुंटी, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पायाखाली चिखल राहतो तिथे दुसरी, जांभा उघडा पडतो तिथे तिसरी. गणपतीपर्यंत या खुंट्यांतूनच आगराचा नकाशा तयार होतो. लोट निघतो तिथे आडवा दगडी बांध आणि त्याच्या कडेनं वाळा. पाणी साचतं तिथे अळू. उघड्या कातळाशी भांडू नका, तिथे खळं करा, भात-मिरच्या वाळवायला जागा होईल. न्हाणीचं पाणी केळींकडे वळवा. ते काम मात्र पहिल्याच वर्षी उरकलं तरी चालतं.

दिवाळीनंतर वाटा आखा. चुना, सुतळी आणि ५० फुटी टेप एवढं पुरतं. विहिरीपासून घरापर्यंत आणि गोठ्यापासून खताच्या खड्ड्यापर्यंत माणसं आपसूक कुठून चालतात ते बघा आणि त्याच पायवाटांना चिरे लावा. खताचा खड्डा माडांपासून जमेल तेवढा लांब ठेवा. गेंड्या भुंगा शेणखतातच वाढतो आणि मोठा झाला की माडाचा कोंब पोखरतो.

आता अंतरं. इथे पुढच्या पन्नास वर्षांचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून हिशेब करा. माडाला चारी बाजूंनी साडेसात मीटर लागतात, म्हणजे १० गुंठ्यांत जेमतेम सतरा-अठरा माड. हापूसच्या कलमाला १० बाय १० मीटर, म्हणजे एका कलमाला एक अख्खा गुंठा. पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, नऊ फूट पुरतात, पण नैर्ऋत्येचं ऊन खोडावर आलं की खोड करपतं. त्या बाजूला आधी केळी उभ्या करा, मग पोफळ. मिरवेल, म्हणजे काळ्या मिरीचा वेल, पोफळी चांगल्या उंच झाल्यावरच.

खड्डे दुसऱ्या वर्षाच्या एप्रिल-मे महिन्यात मारा, आंब्याला आणि माडाला एक मीटर लांब, रुंद आणि खोल. उन्हात तापू द्या. मग वरची माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरा. वाळवीचा बंदोबस्त तेव्हाच करा. लागवड मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर.

कोकम आणि जायफळ बियांवरून लावू नका. त्यात नराची झाडं बरीच निघतात आणि ते कळायला वर्षं जातात. कलमंच घ्या. कोकमाचं ‘कोकण अमृता’ आणि जायफळाचं ‘कोकण सुगंधा’ हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वाण आहेत. घेताना कलम उभ्या वाढणाऱ्या काडीचं आहे ना, हे विचारा. आडव्या काडीचं कलम आडवंच पसरत जातं.

कलम हातात आलं की जोडावर, म्हणजे खालचा खुंट आणि वरची काडी सांधली आहे तिथे, बोट फिरवा. तिथे पारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते. जोड पक्का झाल्यावर ती ब्लेडनं उभी चिरून काढायचीच. माझी हापूसची दोन कलमं त्या पट्टीपायीच गेली. ती आत रुतली, वरचा भाग फुगला आणि श्रावणातल्या एका वाऱ्यात दोन्ही तिथेच मोडली. खाली बघितलं तर पट्टी तशीच, सालीत दोऱ्यासारखी गेलेली. जोड मातीच्या वर राहील असं लावा आणि त्याच्या खालून फुटणारे धुमारे नखानं खुडत राहा.

फुलझाडांसाठी जागा शिल्लक राहिलीच पाहिजे, असं मी मनापासून सांगेन. अनंत न्हाणीजवळ, प्राजक्त खळ्याच्या कडेला सडा पडेल असा, बकुळ बेड्यापाशी, म्हणजे आगराच्या फाटकाशी. अबोलीला तुळशीजवळचा कोपरा पुरतो.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याआधी प्रत्येक आळ्यात चुडतं, म्हणजे माडाची वाळलेली पानं, आणि पाला अंथरा, नव्या रोपांना झावळ्यांची सावली करा. कलमांना मोहोर येईल. पहिली तीन-चार वर्षं तो खुडून टाका, कितीही जिवावर आलं तरी. आणि एप्रिल संपताना परत विहिरीवर जा, दोरी सोडा, गाठ बघा. पाणी उरत असेल तर पुढचे चार खड्डे मारायला घ्या.