आधी हप्ता, मग विद्यापीठ

डिसेंबर उजाडला की ठाण्याच्या कोर्टात, बाररूममध्ये चहा घेताना कुणी ना कुणी ज्युनिअर हळूच शेजारी येऊन बसतो. "मॅडम, एलएलएमला बाहेर जायचंय. लोन कुठून घेतलंत?" एलएलएम म्हणजे एलएलबीनंतरची कायद्याची पदव्युत्तर पदवी. मी उलट विचारते, "परत आल्यावर पगार किती मिळेल?" पोरं गोंधळतात. त्यांच्या लेखी हा प्रश्न शेवटचा, माझ्या लेखी पहिला.

मी २०१८ मध्ये लंडनच्या क्वीन मेरीला गेले, आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाचा कायदा, शिकायला. घर नेरूळला. बाबा तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी, आई ब्लाउज शिवायची. सगळा खर्च ३२ लाखांवर गेला. २४ लाख बँकेचे, ४ लाख एका ट्रस्टचं बिनव्याजी कर्ज, उरलेल्यात माझी बचत आणि आईच्या पाटल्या.

आता हिशेब. साडेदहा टक्के व्याजाने दर लाखाला महिन्याचा हप्ता दहा वर्षांसाठी १,३५० रुपये बसतो, पंधरा वर्षांसाठी १,१०५. हे दोन आकडे पाठ करा. मात्र मंजूर झालेल्या रकमेला त्याने गुणू नका. शिकताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. आज ४० लाख घेतलेत तर फेडायला बसेपर्यंत ते ४६ लाखांच्या आसपास जातात. दहा वर्षं धरली तर हप्ता ६२ हजार. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसायला हवा, म्हणजे हातात महिन्याला १ लाख ८५ हजार आले पाहिजेत. सिनिअरच्या मागे फायली उचलून हे मिळत नाहीत. मोठ्या लॉ फर्म देतात, पण त्या आधी तुमची इंटर्नशिप कुठे झाली ते बघतात, एलएलएम नंतर. पगार पौंडांत धरून हे गणित सोडवलंत तर उत्तर छान येतं. म्हणूनच तसं सोडवू नका.

माझा परतल्यावरचा पहिला पगार ५५ हजार होता. पहिला हप्ता आला मार्च २०२० मध्ये, आणि लगेच टाळेबंदी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, ती मी आनंदाने घेतली. त्या काळात व्याज थांबलेलं नव्हतं, हे सप्टेंबरचं स्टेटमेंट बघितल्यावर डोक्यात शिरलं. वकील असून! हप्ता ३९ हजारांवर गेला होता.

दुसरा प्रश्न: नेमकं काय विकत घेताय? एलएलएम ही पदवी आहे, सनद म्हणजे वकिलीचा परवाना नव्हे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला एलएलएम लागतच नाही. २०२१ पासून तिथे एसक्यूई ही परीक्षा आहे. भारतातली सनद असेल तर दोन वर्षांच्या उमेदवारीची अटही लागत नाही. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावर देता येतो, दुसऱ्या टप्प्याच्या तोंडी भागासाठी तिकडे जावं लागतं. दोन्ही टप्प्यांची फी मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर आहे, एलएलएमच्या फीपुढे किरकोळच. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला तुमची पदवी तशीच चालते की वर एलएलएम लागतं, ते तिथलं परीक्षा मंडळ ठरवतं. कॉलेजची फी भरण्याआधी त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. बारावीनंतर थेट परदेशी एलएलबीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की इथे वकिली करायला आधी बार काउन्सिल ऑफ इंडियाची पात्रता परीक्षा द्यावी लागते. तुमची इथली एलएलबी झाली असेल तर सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा उरकूनच विमानात बसा.

फुकटचे पैसे आधी, उसने नंतर. राज्य सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि विद्यापीठाची जागतिक क्रमवारी, दोन्ही अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं, के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी कर्ज देतो. रकमा लहान वाटतात, पण लाखाला १,३५० आठवा.

एकाच थैलीतून सगळा पैसा येत नाही, हे बाबासाहेबांच्या बाबतीतही खरं होतं. १९१३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. मुदत संपली तसं १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनॅममध्ये शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून ५ हजारांचं कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. बॅरिस्टर झाले ते त्यानंतर.

तारणाचा विषय नवी मुंबईकरांनी जरा सावकाश वाचावा. नावाजलेल्या विद्यापीठांसाठी काही बँका विनातारण मोठी रक्कम देतात, बाकीच्यांना घर गहाण ठेवावं लागतं. आमचं घर सिडकोचं, आजोबांना मिळालेलं. जमीन सिडकोची, आपण भाडेपट्टेदार, त्यामुळे गहाण ठेवायला सिडकोची एनओसी लागते. मी एप्रिलमध्ये फाइल घेऊन एका सरकारी बँकेत गेले. पॅनेलवरच्या वकिलांनी अलॉटमेंट लेटर चाळलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे गृहस्थ हयात आहेत का?" आजोबा २००९ मध्ये गेले होते. घर बाबांच्या नावावर करायचं नऊ वर्षांत राहूनच गेलं होतं. चूक सर्वस्वी आमची. मग दोन्ही आत्यांची हक्कसोड पत्रं, बेलापूरला सिडको भवनात फेऱ्या, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नवी नोंद. धाकट्या आत्याला कोल्हापूरहून बोलवावं लागलं, आणि ती आली तशी पंधरा दिवस राहिली. जुलै उजाडला. विद्यापीठाचं डिपॉझिट भरायची मुदत आईच्या पाटल्यांनी सांभाळली. तेव्हा प्रवेशाचा अर्ज करायच्याही आधी, ऑक्टोबरातच, घराचे कागद एकदा टेबलावर पसरून बघा.

बाबांचा पगार रोखीत असायचा आणि एका वर्षाचं आयकर रिटर्न भरलेलं नव्हतं. सहकर्जदाराची सलग दोन-तीन वर्षांची रिटर्न्स तयार हवीत.

मामा-काकांकडून पैसे आणणार असाल तर ब्रिटनच्या व्हिसासाठी ते सलग २८ दिवस खात्यात पडून असावे लागतात, एक दिवसही शिल्लक कमी होऊन चालत नाही. लंडनसाठी राहणीखर्च महिन्याला साधारण दीड हजार पौंड, असे नऊ महिने दाखवावे लागतात. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या पुढे पाठवलेत तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, लागतो, शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर लागत नाही. फेडताना आयकरात व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली तरच.

नोकरीचं म्हणाल तर, मी गेले तेव्हा शिक्षण संपल्यावर जेमतेम चार महिने राहता यायचं. आता ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षच मिळेल. तिथल्या मोठ्या फर्म ट्रेनी दोन-दोन वर्षं आधी निवडतात, त्यामुळे सप्टेंबरात उतरून जूनमध्ये नोकरी शोधायला निघालात की उशीर झालेला असतो. मला काम मिळालं ते इथे, जायच्या आधी ज्यांच्याकडे १२ हजारांवर राबले त्या सिनिअरच्या एका फोनवर.

कर्ज मी गेल्या वर्षी मुदतीआधी फेडलं. बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, उशिराला दिवसाला ५ हजार भरपाई आहे. कागद घ्यायला बाबांना सोबत नेलं. त्यांनी जाताना घेतलेली यादी खिशातून काढली, दिवाणजीच्या सवयीने एकेका कागदासमोर टिक केली आणि थांबले. ट्रान्सफर ऑर्डरमागची एक पावती कमी होती. मॅनेजर म्हणाले, उद्या बघतो. बाबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बघा, बसलोय मी."