गळ कोपऱ्यात पडलाय? दोन तासांत आणि कमी खर्चात पुन्हा मासे धरायला कसं लागायचं

हौस मेली असं बहुतेकांना वाटतं, पण ती मेलेली नसते. मोठी झालेली असते ती फेरी. पूर्वी सायकलवर काठी बांधून ओढ्यावर जायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं, एवढंच होतं. आता हिडकल धरणावर जायचं म्हणजे चौघांच्या सुट्ट्या जुळवायच्या, गाडी काढायची, बेळगावहून जाऊन-येऊन ऐंशी-शंभर किलोमीटर तेल जाळायचं, शिवाय नवी रील आणि डबाबंद चारा. एवढं जमेपर्यंत सहा महिने जातात आणि काठीवर कोळिष्टकं चढतात. म्हणून पहिला इलाज हौसेवर नाही, फेरीवर करायचा: घरापासून दहा-बारा किलोमीटरच्या आतलं पाणी, एक काठी, दोन तास.

पाणी कुठलं धरायचं

सीमाभागात पाण्याला तोटा नाही. बेळगाव, काकती, कंग्राळी भागात मार्कंडेय, खानापुरात मलप्रभा, संकेश्वराला हिरण्यकेशी, निपाणीकडे वेदगंगा आणि दूधगंगा, हुक्केरी-गोकाकला घटप्रभा. त्यात गावोगावची तळी आणि शेततळी. दोन तासांच्या फेरीला नदीपेक्षा तळं किंवा शेततळंच बरं. तिथं मासा शोधत हिंडावं लागत नाही.

काही जागा सोडायच्याच. राकसकोप बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे, धुपदाळ पक्षी अभयारण्यात येतं आणि भीमगडच्या रानातले ओढे वन खात्याचे. रानातल्या शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पाण्यात सुरुंग उडवणं किंवा विष घालणं तर 1897 पासून गुन्हा आहे, तरी ब्लीचिंग पावडर ओतणारे अजून भेटतात. त्यांच्या नादाला लागू नका. एकदा विष पडलेल्या डोहात अळी, शेवाळ, पिल्लं सगळं मरतं आणि तो डोह बराच काळ ओस पडतो.

तळं आणि जलाशय बहुतेक वेळा मच्छीमार सोसायटीला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात. माशांचं बी, म्हणजे पिल्लं, त्यांनी सोडलेलं असतं, तेव्हा मासाही त्यांचाच. आधी जाऊन विचारायचं. गोकाक, हुक्केरीकडे "मीन हिडीबहुदेन्री?" (मासे धरले तर चालेल का?) एवढं कन्नड आलं तरी माणूस निम्मा आपला होतो. शेततळ्याच्या मालकाला सांगायचं की फक्त चिलापी (तिलापिया) धरतो, रोहू-कटला लागला तर सोडून देतो. चिलापी त्यालाही नकोच असते. हा मासा 1952 मध्ये बाहेरून भारतात आला. तो वारंवार पिल्लं घालतो, तळं भरून टाकतो आणि सोडलेल्या बियाण्याचा चारा खातो. त्यामुळे असं बोललं की परवानगी सहसा मिळते.

कृष्णेच्या काठी, चिकोडी-अथणी-रायबागकडे, मगरी आहेत. तिथं पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, उतरत्या वाळूवर एकट्यानं थांबायचं नाही आणि मासे साफ करून आतडी काठावर टाकायची नाहीत. पाणी काळं आहे, फेस आहे, मासे वर तोंड काढून धापा टाकतायत, असं दिसलं तर तिथला मासा खायचा नाही. वर कुठंतरी सांडपाणी किंवा मळी सुटलेली असते.

नवं घेण्याआधी जुनं उघडा

खर्च वाढला ही तक्रार खरी आहे, पण निम्मा खर्च न तपासता फेकलेल्या सामानाचा असतो.

काठीच्या कड्या कापसानं तपासा. कापसाचा लहान बोळा प्रत्येक कडीतून ओढून काढायचा. कडीला चीर असेल तर कापसाचे तंतू अडकून मागं राहतात. डोळ्याला ती चीर दिसत नाही, पण तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, तिथंच कापला जातो आणि आपण दुकानदाराच्या तंगुसाला दोष देतो. अशी एक कडी बदलली की काठी पुन्हा कामाची.

रीलच्या मुठीच्या सांध्यात आणि तंगूस जिथून वळतो त्या चाकात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब घाला. जास्त नको, तेलाला धूळ चिकटते आणि रील करकरायला लागते. आतल्या दातांना तेल नाही, ग्रीस लागतं, तेही बोटाच्या टोकाएवढंच.

तंगूस उन्हानं मरतो. खिडकीत वर्षभर ठेवलेल्या रीलवरचा वरचा थर खडबडीत आणि ठिसूळ होतो, खालचा मात्र चांगला असतो. वरचे पंधरा-वीस मीटर कापून टाका आणि उरलेला उलटा गुंडाळा, म्हणजे न वापरलेलं टोक वर येतं. तरी नवा घ्यायचाच झाला, तर रीलचा तळ जुन्या तंगुसानं भरा आणि वर फक्त पन्नास मीटर नवा घाला. शंभर मीटरच्या एका बंडलात दोन रीली होतात. रील काठोकाठ भरू नका. कडेला दोन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर टाकताना वेटोळीच्या वेटोळी सुटतात आणि दोन तासांतला अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो.

गळाचं टोक नखावर हलकं ओढून बघा. घसरलं तर बोथट आहे, नखात रुतलं तर ठीक. बोथट गळ बारीक कानशीवर तीन-चार वेळा टोकाच्या दिशेनं घासला की चालतो. गंजून अर्धा खाल्लेला मात्र टाकाच, ओढ बसली की तो सरळ होतो.

आणि रीलच नसेल तर? चिलापीला रील लागतही नाही. दहा-बारा फुटांची मेसकाठी, शेंड्याला बांधलेला तेवढ्याच लांबीचा तंगूस, बस्स. मेस ओली तोडली असेल तर महिनाभर सावलीत टांगून वाळवायची. उन्हात वाळवली तर चिरते आणि वाकडी होते.

जुळणी

चिलापीसाठी 0.20 मिलिमीटरचा तंगूस आणि 10 किंवा 12 नंबरचा गळ. नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानात इथं हमखास घोटाळा होतो. तळ्यात दोन किलोचे रोहू-मृगळ असतील तर 0.30 चा तंगूस आणि 6 नंबरचा गळ. जाड तंगूस सुरक्षित म्हणून सगळीकडे तोच वापरणारे रिकाम्या हातानं परततात. स्वच्छ पाण्यात तो दिसतो आणि हलका चारा नीट खाली जाऊ देत नाही.

गाठ अशी: तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ धाग्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फटीतून काढा, थुंकी लावून ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ ओढली की घर्षणानं तंगूस तापतो आणि नेमका तिथं कमजोर होतो. मोठा मासा सुटला की बघा, बहुतेक वेळा तंगुसाचं टोक कुरळं झालेलं असतं. म्हणजे तुटला नाही, गाठ सुटली.

तरंगा विकत घेऊ नका. जोंधळ्याच्या वाळक्या धाटाचं वरचं टणक साल सोला, आतलं पांढरं भेंड बोटभर लांब कापा, मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवून काढा आणि वरच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावा. मेण नसेल तर तासाभरात भेंड पाणी पितं आणि तरंगा बुडतो, मासा नसतानाही. तो तंगुसाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या दोन कड्यांनी अडकवला की खालीवर सरकवता येतो.

खाली चिमटीत दाबायच्या शिशाच्या गोळ्या लावायच्या. तरंग्याचं फक्त सेंटिमीटरभर टोक वर राहील एवढ्याच. शेवटची गोळी गळापासून वीतभर वर. शिसं कमी पडलं तर तरंगा उंच राहतो, चिलापीनं चारा चोखून टाकला तरी हलत नाही आणि तुम्हाला वाटतं पाण्यात मासाच नाही.

खोली मोजल्याशिवाय बसू नका. गळाला सायकलचा एक नट अडकवून टाका. तरंगा बुडाला तर वर सरकवा, आडवा पडला तर खाली. टोक जेमतेम दिसलं की तीच खोली. नट काढा आणि चिलापी, मृगळासाठी चारा तळाला टेकेल असं ठेवा. रोहूसाठी हात-दोन हात वर घ्या. कटला वरच्या थरात चरतो, त्याच्यासाठी तळाला बसून राहण्यात अर्थ नाही.

चारा

गव्हाचं पीठ 100 ग्रॅम, कुटून चाळलेली शेंगदाण्याची पेंड 40 ग्रॅम, पाणी साधारण 75 मिलिलिटर. पाणी थोडंथोडं घाला, पेंडीत तेल किती राहिलंय यावर ते कमीजास्त होतं. पाच मिनिटं चपातीच्या कणकेसारखं मळा आणि ओल्या फडक्यात पंधरा मिनिटं ठेवा. मळण्यात आळस केला तर गव्हाचा चिकटपणा सुटत नाही आणि गोळा पाण्यात पडताच विरघळतो. वासासाठी पेंड वाढवली तरी तेच होतं. ओढ्याला धार असेल तर मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला, गोळा गळावर टिकतो. गोळा हरभऱ्याएवढा हवा आणि गळाचं टोक झाकलेलं पण उघडायला सोपं. लिंबाएवढा गोळा लावून तरंगा नाचताना बघत बसणं म्हणजे माशांना फुकट जेवू घालणं.

जागेवर मासे गोळा करायला भाताचा कोंडा अर्धा किलो आणि पेंड मूठभर, काठावरच्याच पाण्यात भिजवून. खानापूरकडे भाताची गिरण असली की कोंडा मिळतोच. पोचल्या-पोचल्या लिंबाएवढे तीन गोळे एकाच ठिकाणी टाका, मग खोली मोजायला घ्या. तोवर मासे जमतात. सगळा कोंडा एकदम ओतला तर पोट भरतं आणि गळाकडे कोणी बघत नाही.

गांडुळं उकिरड्याच्या कडेला, ओलसर जुन्या शेणाखाली मिळतात. मडक्यात ओली माती आणि वर गोणपाट ठेवून सावलीत राहिली की आठवडाभर टिकतात. पावसाळा सरताना पाणी गढूळ असतं तेव्हा पिठापेक्षा गांडूळच चालतं, माशाला दिसत नाही पण वास लागतो.

दोन तास कुठले

पहाटे चारला उठायच्या भीतीनंच अनेकांचा गळ सुटलाय. डिसेंबर-जानेवारीत त्याची गरजच नाही. पाणी थंड असतं, मासा सुस्त असतो आणि ऊन चढल्यावर चरायला लागतो. रविवारी नाष्टा करून अकराला निघायचं, एकला जेवायला घरी. एप्रिल-मेमध्ये मात्र उलट. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, दुपारी मासा खोलात जाऊन पडतो, तेव्हा सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी सूर्य कलल्यावर. वारा असेल तर ज्या काठावर लाटा येऊन आपटतात तो काठ धरा, वरचं तरंगतं खाणं तिकडंच जमतं. पाठीशी वारा घेऊन बसलं की टाकायला सोपं जातं, पण मासा समोरच्या काठाला असतो.

7-8 जूनला मृग लागला की चढणीच्या माशांची गडबड सुरू होते. पहिल्या पाण्याबरोबर मासा ओढ्यातून शेतवडीत चढतो. तो अंडी घालायलाच वर आलेला असतो. पोटात गाभोळी असलेली एक मादी काढली म्हणजे पुढच्या वर्षीचे हजारो मासे काढले. ओढे रिकामे व्हायचं हे मोठं कारण आहे आणि रिकाम्या ओढ्यावर कुणाची हौस टिकणार? जून ते ऑगस्ट गळ बंदच ठेवा. पूरही असतो. हे तीन महिने सामानाच्या डागडुजीचे. गणपती झाल्यावर पाणी निवळायला लागतं, दसऱ्यापर्यंत उत्तम दिवस येतात.

काठावर

तरंगा टुकटुक हलला की ओढू नका, चिलापी आधी चोखते. तो तिरका सरकला किंवा सलग बुडाला की मनगटानं वीतभर झटका द्या. हातभर झटक्यानं तोंड फाटतं. चिलापी धरताना डोक्याकडून शेपटीकडे तळवा फिरवत पाठीवरचे काटे दाबून धरा. शिंगाळा लागला तर हातानं धरूच नका. त्याच्या कल्ल्यांजवळचे आणि पाठीवरचे काटे करवतीसारखे असतात, जखम दिवसभर ठणकते. फडक्यात धरा आणि लांब नाकाच्या पकडीनं गळ काढा.

अर्ध्या तासात एकही हालचाल नाही तर आधी खोली बदला, मग चारा, शेवटी जागा. तिन्ही एकदम बदललं तर काय चाललं ते कळत नाही. एका छोट्या वहीत तारीख, पाणी, वाऱ्याची दिशा, खोली, चारा, मासा अशी एक ओळ लिहा. दहा फेऱ्यांनंतर ती वही कुठल्याही महाग काठीपेक्षा जास्त मासे देते. शिवाय मासा न मिळालेल्या दिवशीही हातात काहीतरी घेऊन परतता, हे हौसेला फार लागतं.

घरातल्या पोराला न्यायचं असेल तर सहा फुटांची काठी, 12 नंबरचा गळ, चिलापीचं तळं आणि एक तास, एवढंच. सोबत चिरमुरे आणि पाणी. पोराच्या हातात काठी दिल्यावर आपली काठी खाली ठेवायची. दोन्हीकडे लक्ष राहत नाही आणि त्याला गळ लागायची भीती असते.

एवढं करूनही मन लागत नसेल तर सामान विकू नका. ओळखीच्या पोराला वापरायला द्या. वापरात राहिलेली रील अडकत नाही, पुढं कधी मन वळलं तर मागून घेता येते.

परतल्यावर दहा मिनिटांचं काम बाकी असतं. काठी आणि तंगूस ओल्या फडक्यानं पुसा, गळ कोरडे करून तांदळाच्या चिमटीसह डबीत ठेवा, तांदूळ ओल शोषून घेतो. तुटलेल्या तंगुसाचे तुकडे काठावरून वेचून आणलेले असतील ते बारीक कापून कचऱ्यात टाका, लांब ठेवले तर बगळ्याच्या पायात अडकतात. मग काठी, डबी, पकड, फडकं, वही आणि नट एकाच पिशवीत भरून ती माळ्यावर नाही, दाराच्या मागं खुंटीला अडकवा.