कोरियन बॅकडॅश: आधी बोट सोडायला शिका

टेकन हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळताय, कॉम्बो (सलग लागणाऱ्या फटक्यांच्या साखळ्या) पाठ आहेत, तरी समोरचा नुसता मागे सरकत तुमचा फटका हुकवतो आणि मग मोजून मारतो? या टप्प्यावर मी आठ महिने अडकलो होतो, म्हणून लिहितोय.

साधा बॅकडॅश, म्हणजे ‘मागे’ दोनदा झटकन दाबून पात्राला मागे सरकवणं, येतोच तुम्हाला. पण पहिला संपेपर्यंत दुसरा निघत नाही, म्हणून तो मध्येच खाली-मागे दाबून तोडायचा आणि लगेच पुढचा काढायचा. हाच कोरियन बॅकडॅश. क्रम असा: मागे, सोड, मागे, खाली-मागे, मागे, सोड, मागे. पुढे तेच चक्र.

यातला ‘सोड’ मी गाळत होतो. सोड म्हणजे अंगठा डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणांवर) पूर्ण सैल, कुठलीच दिशा दाबलेली नाही. खाली-मागेवरून अंगठा वर सरकला की पहिलं ‘मागे’ मिळतं. दुसरं मोजलं जायला मध्ये बोट सुटलेलं हवं. सुटलं नाही तर गेमच्या लेखी तुम्ही मागे धरूनच ठेवलंय, आणि पात्र डॅश न मारता पावलापावलाने चालत राहतं. आणि वेग वाढवाल तितकं हे बिघडतं, कारण घाईत सर्वात आधी ते सोडणंच गळतं. मला वाटलं अंगठा कमी पडतोय, म्हणून आणखी जोर लावला. फोड आला. मग कंट्रोलरवर संशय. आमच्या मालवणात खाऱ्या हवेने वस्तू लवकर खराब होतात, त्यामुळे तो पटलाही. साठवलेल्या पैशांतून नवा घेतला, त्याच्यावरही तेच. तुम्ही पैसे घालवू नका.

गणपतीत मुंबईहून आतेभाऊ आला. तो माझ्याशी एकही मॅच खेळला नाही. प्रॅक्टिस मोड लावला, इनपुट, म्हणजे दाबलेली प्रत्येक दिशा आणि बटण, दाखवणारी पट्टी चालू केली आणि टीव्ही सोडून माझ्या अंगठ्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “सोडतस खंय? रापण ओढताना मागचो माणूस दोर सोडून फुडे येता मा? सोडल्याशिवाय परत धरतलस कसो?” (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं.)

त्या संध्याकाळी मी प्रत्येक दिशा पट्टीवर सुटी दिसेल इतकं हळू दाबत होतो. एवढ्या हळू डॅश निघतच नाही. “नाय निघाला तरी चलात, क्रम बसांदे,” म्हणाला. लाईट गेली की बंद कंट्रोलरवर अंगठा फिरवायचो. चौथ्या दिवशी सलग तीन निघाले, आणि मी ओरडलो तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली.

माझं स्पष्ट मत: जो तुम्हाला रोज हरवतो तो गुरू नव्हे, जो तुमचा हात बघतो तो गुरू. आणि मॅक्रो (आधीच भरून ठेवलेला दाबांचा क्रम) लावून एका बटणात सगळं बसवू नका. स्पर्धेत ते चालत नाही, आणि कधी थांबायचं हे त्या बटणाला कळत नाही. थांबणं इथे महत्त्वाचं आहे. खाली-मागेवर रेंगाळलात तर तुम्ही बसलेले असता, आणि बसून अडवता न येणारा मधला फटका सरळ लागतो. बॅकडॅशच्या सुरुवातीला तर ब्लॉकही होत नाही, त्यामुळे भिंत पाठीशी असताना हे करूच नका.

गावात राहून काय होणार, असं मलाही वाटायचं. लाहोरच्या गेमिंगच्या दुकानांत खेळून तयार झालेल्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये एव्हो जपान आणि एव्हो या फायटिंग गेम्सच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा टेकनमध्ये जिंकल्या. अंगठा तुमच्याकडेही आहे. गेममधल्या मिशिमा घराण्यातल्या पात्रांचा वेव्हडॅश (वाकून झपाट्याने पुढे सरकण्याची चाल) शिकायला जाल तेव्हाही पुढे आणि खाली यांच्यामध्ये हेच ‘सोड’ भेटेल. त्याच पात्रांचा ‘इलेक्ट्रिक’ नावाचा फटका तर खाली-पुढे आणि ठोसा एकाच फ्रेमवर मागतो, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात. त्याच्या मागे आत्ताच लागू नका.

दोन्ही बाजूंनी मात्र पहिल्या दिवसापासून सराव करा. मी केला नाही. डावीकडून जमायला तीन आठवडे लागले, उजवीकडून दहांतले चार अजून तुटतात. रोज रात्री जेवणानंतरची वीस मिनिटं त्या उजव्या बाजूसाठीच ठेवली आहेत.