सोरायसिस असेल तर बीपी कसं मोजावं आणि औषधांचा मेळ कसा घालावा

सोरायसिसचे चट्टे त्वचेवर उठतात, पण त्यामागचा दाह अंगभर असतो. टीएनएफ-अल्फा, आयएल-१७ अशी दाह वाढवणारी रसायनं रक्तातून फिरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतात. त्यात वाढलेलं वजन, दारू आणि तंबाखू सोरायसिस आणि बीपी दोन्हींना पोसतात. म्हणूनच सोरायसिस असलेल्यांत उच्च रक्तदाब जास्त आढळतो, आणि आजार जितका तीव्र तितकं बीपी आटोक्यात आणणं अवघड जातं. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक आहे, असं धरून चालू नका. बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

घरी मोजायला दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. टेपने दंडाचा मधला घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. जाड दंडावर लहान पट्टा ताणून बसवला की आकडा उगाच जास्त येतो आणि नको ती गोळी सुरू होते.

चट्टे दंडावर किंवा कोपराजवळ असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. सोरायसिसमध्ये त्वचेला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. वरच्या आकड्यातला फरक वारंवार १० पेक्षा जास्त येत असेल तर पुढे जास्त आकड्याचा हातच वापरा. नसेल तर ज्या हातावर चट्टे कमी तो घ्या. चट्ट्यावरच पट्टा बांधावा लागला तर खाली पातळ सुती कापडाचा एकच थर ठेवा. बाही गुंडाळून वर सरकवू नका, ती दंडाला आवळते. मलम लावायचं ते मोजून झाल्यावर. त्वचा चिरलेली किंवा रक्त येत असेल तर त्या जागी पट्टा बांधायचाच नाही.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम टाळा. लघवी करून या. पाठ टेकवून, पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीला हवा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं ७ दिवस सकाळ-संध्याकाळ करा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर आकडे लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता औषधं. खरा घोळ इथेच होतो, कारण त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी बीपीच्या डॉक्टरांनी पाहिलेलीच नसते. सायक्लोस्पोरिन या तीव्र सोरायसिसवरच्या औषधाने बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. ते सुरू करण्याआधी आणि पहिले ३ महिने दर दोन आठवड्यांनी बीपी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला हवं. या काळात बीपीसाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल दिलं तर रक्तातलं सायक्लोस्पोरिन वाढतं. सांधेदुखीसाठी घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या कित्येक औषधांचा जोर कमी करतात. ‘चांगलं चाललेलं बीपी अचानक का वाढलं’ याचं उत्तर अनेकदा या गोळ्यांत सापडतं.

उलट बाजूने, प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीपीच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहींचा सोरायसिस बळावतो. हा परिणाम काही महिन्यांनीही दिसू शकतो, म्हणून संशय गोळीवर जातच नाही. प्रत्येक नव्या औषधाची तारीख वहीत लिहा आणि चट्टे कधी वाढले तेही. शंका आली तरी गोळी स्वतःहून बंद करू नका: बीटा ब्लॉकर एकदम सोडल्यास छातीत दुखणं, हृदयविकाराचा झटका असे धोके असतात, आणि पोटात घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवल्यास पू भरलेल्या फोडांचा गंभीर सोरायसिस उफाळू शकतो. बदली औषध डॉक्टर ठरवतील.

दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून कमी. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने बीपी आणि चट्टे दोन्ही कमी होण्याची शक्यता वाढते.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर ५ मिनिटं थांबून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, धूसर दिसणं, बोलताना अडखळणं किंवा अंगाच्या एका बाजूला कमजोरी असेल, तर दुसऱ्यांदा मोजत न बसता थेट तातडीच्या विभागात जा.